लांबलचक शब्द, नेमके अर्थ

(कंसातील आकडा रोमन अक्षरांचा)

• न्यूमोनोअल्ट्रामायक्रोस्कोपिकसिलिकोव्होल्कॅनोकोनिओसिस (४५) : सिलिकाची अतिसूक्ष्म धूळ श्वासावाटे आत गेल्याने होणारा फुप्फुसाचा आजार. १९३५ साली अमेरिकी शब्दकोडेप्रेमींच्या वर्तुळात मुद्दाम लांब घडवलेला शब्द. डॉक्टर मात्र ‘सिलिकोसिस’ म्हणून मोकळे होतात.

• फ्लॉक्सिनॉसिनिहिलिपिलिफिकेशन (२९) : एखादी गोष्ट कवडीमोल ठरवणे. ‘क्षुल्लक’ अशा अर्थाच्या चार लॅटिन शब्दांची ही मोळी.

• अँटिडिसएस्टॅब्लिशमेंटेरियनिझम (२८) : चर्चचा राजाश्रय काढून घेण्यास विरोध. मूळ १९व्या शतकातील ब्रिटनच्या वादात.

• ऑनरिफिकॅबिलिट्युडिनिटॅटिबस (२७) : सन्मानास पात्र असण्याची अवस्था. शेक्सपिअरने ‘लव्ह्ज लेबर्स लॉस्ट’ नाटकात हा शब्द घातला तो विदूषकाच्या तोंडी!