दारापुढील बागेसाठी सदाहरित झुडपे व वेली

सोलापूर-विजयपूर रस्त्यावरील मंद्रूप व त्याच्या आसपासची गावे ही रब्बी ज्वारीच्या काळ्या जमिनीची. वर्षाकाठी पाऊस ५००-६०० मिलिमीटर, तोही बेभरवशाचा. उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर चढतो. अशा ठिकाणी दारापुढे लहानशी बाग करावयाची तर रोपवाटिकेतील दिखाऊ रोपास भुलू नये. पाणी किती, मोकाट शेळ्या किती व जमिनीत चुनखडी किती, हे पाहूनच झाड निवडावे.

झुडपांत पहिला मान अडुळशास द्यावा. तो काटक असून शेळ्या त्यास सहसा तोंड लावीत नाहीत. पावसाळ्यात फाटे खोचले तरी जीव धरतात. खोकल्यावरील त्याच्या पाल्याचा उपयोग घरोघरी ठाऊक आहेच. कुंपणास मेंदी बरी. रोपे ३० सेंटिमीटरवर लावावीत.

कण्हेरीविषयी मात्र सावध असावे. ती अवर्षणात तगते, बारमाही फुलते; परंतु तिचे सर्व भाग विषारी आहेत. हिरवी कण्हेर जनावरे बहुधा टाळतात, पण छाटणीचा वाळलेला पाला कडब्यात मिसळल्यास जनावर दगावते. ज्या अंगणात वासरू बांधले जाते वा लहान मुले खेळतात, तेथे ती लावूच नये. पिवळ्या कण्हेरीच्या, म्हणजे बिट्टीच्या, बियाही तितक्याच घातक.

जास्वंदीची कोवळी पाने पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या, तर ती चुनखडीमुळे पडलेली लोहाची उणीव समजावी. लिटरभर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस विरघळवून फवारावा.

वेलींत बोगनवेल कमी पाण्यावर अधिक फुलते. पाणी अगदीच तुटल्यास पाने गाळते, एवढेच. सुवासासाठी जुई, दाट सावलीसाठी मधुमालती. वेलीचा खड्डा भिंतीपासून निदान १ मीटर दूर घ्यावा. काळी माती भिजली की फुगते, वाळली की भेगाळते. भिंतीलगत रोज पाणी मुरल्यास पायाच हलतो. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी ही गोष्ट आवर्जून समजावून द्यावी.

लागवड सप्टेंबरच्या पावसात करावी. या भागात तोच अधिक भरवशाचा. आंघोळीचे पाणी झाडांस चालते. कपडे धुतलेले सोड्याचे पाणी मात्र देऊ नये. त्याने जमीन चोपण होते. पहिले दोन उन्हाळे आठवड्यातून दोनदा बुंध्याशी पाणी मुरवून वर भुसकटाचे आच्छादन पसरावे.