महाविद्यालयाच्या संकेतस्थळाची उपडोमेन : शोध व व्यवस्थापन

प्रस्तावना

नाशिक येथे १९८९ मध्ये स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचा 'वायसीएमओयू.डिजिटलयुनिव्हर्सिटी.एसी' हा पत्ता अनेक वर्षे विद्यार्थ्यांच्या परिचयाचा होता. त्यातील पहिला शब्द विद्यापीठाचा असला, तरी पुढील डोमेन 'एमकेसीएल'च्या प्रणालीचे होते. शेवटचे 'एसी' शैक्षणिक वाटते; प्रत्यक्षात तो अटलांटिक महासागरातील असेन्शन बेटाचा संकेत आहे. भारतीय शिक्षणसंस्थांचे 'एसी.इन' त्याहून निराळे असून त्याची नोंदणी अर्नेट इंडिया या संस्थेमार्फत होते. तात्पर्य, संकेतस्थळाचा पत्ता उजवीकडून डावीकडे वाचावा लागतो. जो भाग जितका उजवीकडे, तितका त्याचा अधिकार मोठा.

पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये मांडलेल्या डोमेन नामपद्धतीचा गाभा अधिकाराची हीच उतरंड आहे. एखाद्या महाविद्यालयाला एक डोमेन मिळाले, की त्याच्या डावीकडे 'प्रवेश', 'ग्रंथालय', 'परीक्षा' अशी कितीही नावे कोणाचीही नव्याने परवानगी न घेता व शुल्क न भरता जोडता येतात. ही सोय हेच अडचणीचे मूळ होय. जे फुकट मिळते, त्याची नोंद सहसा कोणी ठेवत नाही.

नाव उरते, कार्यालय जाते

नाशिकमधील बहुसंख्य वरिष्ठ महाविद्यालये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न आहेत. विद्यापीठाचा नामविस्तार २०१४ मध्ये झाला, परंतु डोमेन 'युनिपुणे.एसी.इन' हेच राहिले. त्याखालील 'बीसीयूडी' हे उपडोमेन प्राध्यापकवर्गाच्या नित्य वापरातले. १९९४ च्या अधिनियमातील महाविद्यालय व विद्यापीठ विकास मंडळ २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियमाने उरले नाही. पत्त्यातील ती आद्याक्षरे मात्र त्यानंतरही वापरात राहिली. यात वावगे काही नाही. चालू पत्ता तोडणे हे जुने नाव बाळगण्यापेक्षा अधिक त्रासाचे असते. जबाबदार व्यक्ती माहीत नसलेले उपडोमेन ही खरी चिंतेची बाब आहे.

शोध कसा घ्यावा

प्रथम डोमेनची नावनोंद जेथे आहे, त्या सेवेत प्रवेश करून संपूर्ण नोंदयादी उतरवून घ्यावी. पुष्कळ महाविद्यालयांत तेथील परवलीचा शब्द बाहेरच्या विकासकाकडे किंवा निवृत्त सहकाऱ्याकडे असतो. मग शोधाची सुरुवात संगणकाने नव्हे, तर दूरध्वनीने होते. ही यादी हाती आली, तरी एखाद्या विभागाकडे सोपवलेल्या उपडोमेनखालची नावे तीत दिसत नाहीत.

दुसरे साधन सुरक्षा प्रमाणपत्रांच्या सार्वजनिक नोंदवह्या हे होय. ३० एप्रिल २०१८ नंतर दिलेले प्रमाणपत्र अशा नोंदवहीत नसल्यास क्रोम ब्राउझर त्यावर विश्वास ठेवत नाही. परिणामी, ज्या उपडोमेनसाठी स्वतंत्र प्रमाणपत्र घेतले गेले, त्याचे नाव तेथे कोणालाही शोधता येते. 'सीआरटी.एसएच' या स्थळावर आपले डोमेन टाकून पाहिल्यास विस्मृतीत गेलेली चाचणीस्थळेही वर येतात. तारांकित प्रमाणपत्र वापरले असल्यास मात्र केवळ तारा दिसतो, नावे दिसत नाहीत. तिसरी पद्धत संभाव्य नावांच्या यादीने अंदाज घेण्याची आहे. ती आपल्याच डोमेनवर अथवा लेखी परवानगीने वापरावी.

व्यवस्थापनातील कळीचा मुद्दा

समजा, एका महाविद्यालयाने ऑनलाइन प्रवेशासाठी बाह्य सेवा घेतली व 'प्रवेश' हे उपडोमेन तिच्याकडे वळवले. करार संपला, सेवेतील खाते बंद झाले, पण नावनोंद तशीच राहिली. काही सेवांमध्ये तेच मोकळे झालेले नाव दुसऱ्या कोणाला घेता येते. तसे झाल्यास महाविद्यालयाच्या अधिकृत पत्त्यावर त्या परक्या व्यक्तीचे पान दिसू लागते. त्याला त्या उपडोमेनसाठी वैध प्रमाणपत्रही मिळू शकत असल्याने ब्राउझर कोणताही इशारा देत नाही. प्रवेशशुल्क भरणाऱ्या पालकाने मग ओळखावे कसे? म्हणूनच बंद करण्याचा क्रम महत्त्वाचा आहे : आधी नावनोंद काढावी, नंतर सेवा बंद करावी. व्यवहारात नेमके उलट घडते, कारण देयक सेवेचे येते, नोंदीचे येत नाही.

तथापि सरसकट छाटणीही अनिष्ट आहे. नॅकच्या स्वयं-अध्ययन अहवालात पुराव्यादाखल दिलेले दुवे एखाद्या उपडोमेनवर असतील, तर ते काढताच अहवालातील पुरावाच नाहीसा होतो. अशा ठिकाणी जुन्या पत्त्यावरून नव्या पत्त्याकडे वाट वळवून द्यावी आणि तोवर नोंद राखावी.

यासाठी साधी नोंदवही पुरते : उपडोमेनचे नाव, ते कोठे वळते, प्रयोजन, कराराची मुदत आणि जबाबदार पद. येथे व्यक्तीचे नाव न लिहिता पद लिहावे. प्राध्यापकांची बदली होते, समित्या दरवर्षी बदलतात. ही नोंदवही ग्रंथालयाच्या साठा पडताळणीबरोबर वर्षातून एकदा तपासता येईल. संगणक-सुरक्षेचा प्रसंग उद्भवल्यास सर्ट-इनच्या २०२२ च्या निर्देशांनुसार तो लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावा लागतो, आणि त्या सहा तासांत 'हे उपडोमेन कोणाचे?' हा प्रश्न विचारत विभागोविभागी फिरण्यास सवड नसते.