खोट्या अर्थांचा खरा खेळ

शब्दकोश हा ग्रंथ अडल्या वेळी उघडला जातो आणि शंका फिटताच मिटला जातो. इंग्रजीभाषक घरांत मात्र तो करमणुकीचेही साधन ठरला आहे. ‘फिक्शनरी’ नावाच्या खेळास एक जाडजूड कोश, कोऱ्या चिठ्ठ्या आणि पेन्सिली एवढेच साहित्य लागते.

रीत सोपी आहे. एक जण कोशातून कोणालाही ठाऊक नसलेला शब्द निवडतो व त्याचा खरा अर्थ चिठ्ठीवर उतरवून घेतो. बाकीचे आपापल्या मनाने अर्थ रचून त्याच्या हाती देतात. सर्व अर्थ एकाच सुरात वाचले जातात आणि त्यांतला खरा कोणता, हे प्रत्येकाने सांगायचे. खरा ओळखणाऱ्यास एक गुण; शिवाय आपल्या बनावट अर्थावर जितके जण विश्वास ठेवतील, तितके गुण आपले.

समजा, शब्द निघाला ‘गाँगूझलर’. एका चिठ्ठीत अर्थ आहे, ‘राजवाड्यातील दिवे मालवणारा सेवक’. दुसरीत, ‘भोजनाची वेळ झाल्याची थाळी वाजवणारा खलाशी’. तिसरीत, ‘कालव्याकाठी उभा राहून नावांची ये-जा पाहणारा रिकामटेकडा’. तिसरा अर्थ सर्वांत बनावट वाटतो. खरा मात्र तोच. ‘बॉर्बोरिग्मस’ हे नाव एखाद्या प्राचीन सेनापतीचे वाटावे, पण तो शब्द आहे पोटातील गुडगुडीसाठी.

या खेळातले मर्म येथेच आहे. अतिशय विनोदी अर्थ हशा मिळवतो, मत मिळवत नाही. मत मिळते ते कोरड्या, नेमक्या, कोशाच्या गंभीर शैलीत लिहिलेल्या अर्थाला. मनुष्य मजकुरापेक्षा त्याच्या पेहरावावर अधिक विश्वास ठेवतो, हे येथे हसतखेळत कळते.

या घरगुती गमतीला पुढे मोठे व्यासपीठ लाभले. बीबीसीने १९६५ मध्ये ‘कॉल माय ब्लफ’ हा कार्यक्रम सुरू केला. त्यात एका दुर्मीळ शब्दाचे तीन अर्थ सांगितले जात आणि प्रतिपक्षाने त्यांतला खरा निवडायचा असे. १९८४ मध्ये कॅनडातील लॉरा रॉबिन्सन व पॉल टॉइन यांनी याच कल्पनेवर ‘बाल्डरडॅश’ हा पेटीतला खेळ बाजारात आणला.

खेळात फसवणूक आधीच जाहीर केलेली असते, म्हणून ती निर्मळ राहते. कोशातच खोटा अर्थ शिरला तर? १९३४ च्या वेब्स्टरच्या मोठ्या कोशात ‘डॉर्ड’ हा शब्द ‘घनता’ या अर्थाने छापला गेला. असा शब्दच नव्हता. घनतेसाठी मोठे किंवा लहान ‘डी’ हे अक्षर वापरतात, एवढे सांगणारी संक्षेपांची चिठ्ठी शब्दांच्या गठ्ठ्यात गेली आणि अक्षरांचा सलग शब्द झाला. १९३९ मध्ये एका संपादकाच्या लक्षात आले की, या शब्दाला व्युत्पत्तीच दिलेली नाही. त्या एका रिकाम्या जागेने चूक उघडी पडली.

याउलट ‘एस्क्विव्हॅलियन्स’ हा शब्द मुद्दाम घडवलेला होता. २००१ च्या न्यू ऑक्सफर्ड अमेरिकन डिक्शनरीत ‘आपली अधिकृत जबाबदारी जाणूनबुजून टाळणे’ अशा अर्थाने तो पेरला गेला. कोणी कोश जसाच्या तसा उचलला, तर हा शब्द त्याची चोरी सांगणार होता.

पेढीवरच्या माणसाला यातले तत्त्व परके नाही. वहीतली नोंद कितीही सुबक अक्षरात असो, तिच्यामागे पावती आहे का, हे तो आधी पाहतो. शब्दाची व्युत्पत्ती ही त्याची पावतीच होय. छापील किंवा मोबाइलवर आलेल्या प्रत्येक मजकुराला हीच कसोटी लावण्याची सवय मुलांना लागावी, यासाठी सुट्टीतली एक संध्याकाळ या खेळाला द्यावी. कोश मराठी असला तरी चालेल. मग आजींना हरवणे मात्र कठीण जाईल.