अंतर, प्रतीक्षा आणि व्यापार खर्च : भूवेष्टित देश व वाकड-चाकण औद्योगिक पट्टा

प्रस्तावना :

ज्या देशांना स्वतःचा समुद्रकिनारा नाही त्यांना भूवेष्टित देश असे म्हणतात. संयुक्त राष्ट्रसंघाच्या यादीत असे 32 विकसनशील देश असून नेपाळ, भूतान व अफगाणिस्तान ही आपल्या शेजारची उदाहरणे होत. या देशांच्या प्रश्नांसाठी 2003 मध्ये अल्माटी, 2014 मध्ये व्हिएन्ना आणि ऑगस्ट 2025 मध्ये तुर्कमेनिस्तानातील आवाझा येथे जागतिक परिषदा झाल्या. भारताला विस्तीर्ण किनारा लाभला आहे. तथापि, सह्याद्रीच्या पूर्वेस वसलेल्या वाकड, पिंपरी-चिंचवड व चाकण या पट्ट्यालाही बंदर गाठण्यासाठी घाट उतरावाच लागतो. प्रस्तुत लेखात भूवेष्टित देशांच्या अनुभवाच्या आधारे या पट्ट्यातील व्यापार खर्चाचे स्वरूप स्पष्ट केले आहे.

व्यापार खर्चाची संकल्पना :

व्यापार खर्च म्हणजे केवळ मालमोटारीचे भाडे नव्हे. भाडे, पथकर, कागदपत्रे, सीमाशुल्क तपासणी, साठवणूक, विमा आणि मार्गात वाया गेलेला वेळ या सर्वांचा त्यात समावेश होतो. न्यूनो लिमाओ व अँथनी व्हेनेबल्स यांच्या 2001 मधील अभ्यासानुसार मध्यक भूवेष्टित देशाचा वाहतूक खर्च मध्यक किनारी देशापेक्षा सुमारे 55 टक्क्यांनी अधिक असतो. मात्र ही तफावत केवळ अंतराने निर्माण होत नाही. पायाभूत सुविधांचा दर्जा हे तिचे एक प्रमुख कारण आहे. जागतिक बँकेने 2010 मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात ज्याँ-फ्रान्स्वा आर्व्हिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी याच्याही पुढे जाऊन असे दाखविले, की माल केव्हा पोहोचेल याची अनिश्चितता हाच भूवेष्टित देशांवरील मोठा भार आहे. डेव्हिड हमेल्स व जॉर्ज शाउर यांच्या 2013 मधील अभ्यासात मार्गातील प्रत्येक दिवस 0.6 ते 2.1 टक्के आयातशुल्काइतका भार टाकतो, असे अनुमान काढले आहे.

औद्योगिक पट्ट्याची भौगोलिक स्थिती :

पिंपरी येथे 1954 मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सार्वजनिक क्षेत्रातील कारखाना उभा राहिला आणि पुढील दशकांत अभियांत्रिकी व वाहन उद्योगांनी हा परिसर व्यापला. चाकण परिसरात बजाज ऑटो, फोक्सवॅगन, मर्सिडीज-बेंझ व महिंद्र यांचे प्रकल्प आले. या पट्ट्यातील कंटेनर प्रामुख्याने 1989 मध्ये सुरू झालेल्या न्हावाशेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदराकडे जातात. हे अंतर सुमारे सव्वाशे किलोमीटर आहे. कोलकात्याहून नेपाळमधील वीरगंजला जाणाऱ्या मालाला सुमारे सातशे किलोमीटरचा प्रवास करून आंतरराष्ट्रीय सीमा ओलांडावी लागते. त्या तुलनेत चाकणचे अंतर अल्प आहे.

वाकडचे स्थान येथे लक्षणीय ठरते. मुंबई-बंगळूर राष्ट्रीय महामार्ग वाकडमधून जातो. 2002 मध्ये पूर्ण झालेला मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग जवळच किवळे येथे संपतो. नाशिक फाटा-वाकड रस्ता भोसरी व चाकणकडील वाहतूक महामार्गाशी जोडतो आणि महामार्गापलीकडे हिंजवडीचे माहिती तंत्रज्ञान उद्यान आहे. परिणामी भूमकर चौकासारख्या ठिकाणी संगणक अभियंत्यांच्या मोटारी, शाळांच्या बसगाड्या आणि सुट्या भागांचे टेम्पो एकाच वेळी एकाच भुयारी मार्गाची वाट पाहतात. गर्दीच्या वेळी अवजड वाहनांवर निर्बंध घातले जातात. नागरिकांच्या सुरक्षिततेसाठी ते आवश्यक आहेत. परंतु त्या काळात थांबलेल्या मालाचा खर्च कोणीतरी सोसतच असतो.

प्रतीक्षेचे अर्थशास्त्र :

उदाहरणादाखल एका ट्रेलरचा विचार करता येईल. कर्जाचा हप्ता, चालकाचे वेतन, विमा व कर मिळून त्याचा मासिक स्थिर खर्च 90,000 रुपये आहे असे मानू. बंदराची एक फेरी दोन दिवसांत पूर्ण झाल्यास महिन्यात 15 फेऱ्या होतात व प्रत्येक फेरीवर 6,000 रुपये स्थिर खर्च पडतो. घाटातील कोंडी, शहरातील प्रवेशबंदी व बंदराच्या दारावरील रांग यांमुळे फेरीस तीन दिवस लागल्यास फेऱ्या 10 होतात आणि हाच खर्च 9,000 रुपये होतो. अंतर एका किलोमीटरनेही वाढलेले नसते. तरीही फेरीमागील स्थिर खर्च दीडपट होतो.

हा भार सर्वांवर सारखा पडत नाही. मोठा कारखाना ठरलेल्या वेळीच सुटे भाग मागवून स्वतःचा साठा कमी ठेवतो. उशिराची जोखीम त्यामुळे पुरवठादार लघुउद्योजकाकडे सरकते. तो जादा साठा करतो, त्यात त्याचे खेळते भांडवल अडकते आणि त्यावरील व्याज त्याच्या अल्प नफ्यातून जाते. निर्यातदारासही जहाज चुकू नये म्हणून माल एक दिवस आधी रवाना करावा लागतो.

सीमा पुसल्याचा अनुभव :

प्रतीक्षा कमी करता येते, याचा पुरावा याच परिसरात आहे. एकेकाळी पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या हद्दीवरील जकात नाका ही जणू देशांतर्गत सीमाच होती. 1 एप्रिल 2013 पासून येथील जकात रद्द होऊन स्थानिक संस्था कर आला आणि 1 जुलै 2017 रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला. फेब्रुवारी 2021 पासून राष्ट्रीय महामार्गांवरील पथकर नाक्यांवर फास्टॅग अनिवार्य झाला. 2017 पासून निर्यातदारांना कारखान्यातच कंटेनरला इलेक्ट्रॉनिक मोहोर लावण्याची मुभा मिळाली. याच तत्त्वावर 2019 पासून कोलकाता व हल्दिया बंदरांतून नेपाळला जाणाऱ्या कंटेनरसाठी इलेक्ट्रॉनिक माग ठेवण्याची पद्धत सुरू झाली. यांपैकी कोणत्याही सुधारणेने अंतर घटले नाही. थांबे मात्र घटले.

रस्तेबांधणीचे महत्त्व यामुळे कमी होत नाही. खोपोली-कुसगाव दरम्यानच्या, 2019 मध्ये काम सुरू झालेल्या नव्या जोडमार्गाचा उद्देश घाटातील अंतर सुमारे 6 किलोमीटरने कमी करणे हा आहे. परंतु घाटात वाचलेली वीस-पंचवीस मिनिटे वाकडच्या चौकात अथवा चाकण-तळेगाव रस्त्यावर खर्ची पडत असतील, तर उद्योजकाच्या हिशेबात त्यांची नोंद होत नाही. साखळीची क्षमता तिच्या सर्वांत अरुंद दुव्याइतकीच असते.

समारोप :

नेपाळला बंदराच्या वाटेसाठी भारताशी पारगमन करार करावा लागतो. त्याचे नूतनीकरण 2023 मध्ये झाले. शेजारी देशाचे रस्ते व नियम त्याच्या अधिकारात नाहीत. वाकड-चाकण पट्ट्याची स्थिती याहून मूलतः भिन्न आहे. येथे कारखाना, घाट व बंदर एकाच राज्यात असून चौकाची रचना, अवजड वाहनांसाठी स्वतंत्र वेळापत्रक, मालमोटारींचे वाहनतळ व तळेगाव परिसरातील कंटेनर डेपोंचा अधिक वापर हे निर्णय आपल्याच संस्थांच्या हाती आहेत. म्हणून वाहतूक कार्यक्षमतेचे मोजमाप किती किलोमीटर रस्ता बांधला याबरोबरच माल किती तास थांबला यावरूनही झाले पाहिजे. या परिसरातील वाणिज्य, अर्थशास्त्र व भूगोल विभागांनी विद्यार्थ्यांकरवी अशा थांब्यांच्या नियमित नोंदी ठेवल्यास धोरणकर्त्यांस विश्वसनीय आधार मिळेल. भूगोल बदलणे कोणाच्याही हाती नसते. प्रतीक्षा कमी करणे मात्र येथे निश्चितच शक्य आहे.