दुचाकी समोर असूनही का दिसत नाही?

चौकात मोटार आणि दुचाकीची टक्कर झाली की मोटारचालकाच्या तोंडून एक वाक्य हमखास निघतं : ‘बघितलं होतं हो, पण हा दिसलाच नाही!’ ऐकणाऱ्यांना ती सबब वाटते. बऱ्याचदा ती खरी असते. अमेरिकेत हॅरी हर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लॉस एंजेलिस परिसरातल्या ९०० दुचाकी अपघातांची जागेवर जाऊन तपासणी केली. त्यांचा अहवाल १९८१ मध्ये प्रसिद्ध झाला. दुचाकी आणि दुसरं वाहन यांच्यात झालेल्या अपघातांपैकी सुमारे दोन तृतीयांश अपघातांत समोरच्या चालकाने दुचाकीचा हक्काचा मार्ग अडवला होता. दुचाकी वेळेत न दिसणं हे त्याचं मोठं कारण होतं.

आपल्याकडे हा प्रश्न किती गंभीर आहे, हे आकडेच सांगतात. २०२२ मध्ये भारतात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसं दगावली. त्यातली सुमारे ४४.५ टक्के दुचाकीवरची होती. त्यामुळे ‘आपण दिसलो पाहिजे’ ही दुचाकीस्वाराची धडपड योग्यच आहे. त्यासाठी अनेक जण बाजारातून लुकलुकणारे दिवे आणून गाडीला बसवतात. त्यांचा उपयोग होतो का? हे समजायला आधी डोळा कसा बघतो ते पाहायला हवं.

डोळ्याच्या उड्या

समोरचं सगळं दृश्य आपल्याला एकसारखं स्पष्ट दिसतं, असं वाटतं. प्रत्यक्षात डोळ्याच्या पडद्याचा मधला अगदी छोटा भागच बारकावे टिपतो. हात लांब करून अंगठा धरला तर त्याच्या रुंदीएवढंच दृश्य त्या भागात मावतं. बाकीचं अंधुक असतं. म्हणून डोळा सेकंदाला तीन-चार उड्या मारत दृश्य गोळा करतो. उडी चालू असताना दिसणारी प्रतिमा मेंदू दाबून टाकतो. नाहीतर जग सतत हलताना दिसलं असतं. चौकात घाईने उजवी-डावीकडे मान फिरवली तर नेमकी दुचाकी दोन उड्यांच्या मधल्या फटीत हरवू शकते. मोटारीच्या पुढच्या काचेशेजारचा खांब तिला आणखी झाकतो.

दुचाकी दिसली तरी अडचण संपत नाही. लहान वस्तू मेंदूला लांब आहे असं वाटतं. त्यामुळे सारख्याच अंतरावरून सारख्याच वेगाने येणाऱ्या ट्रकपेक्षा दुचाकी उशिरा पोहोचेल, असा चालकाचा अंदाज होतो आणि तो ‘वेळ आहे’ असं समजून गाडी वळवतो.

लुकलुकण्याचं तंत्र

डोळ्याच्या कडेच्या दृष्टीला बारकावे कळत नसले तरी हालचाल आणि प्रकाशातला चढउतार चटकन जाणवतो. कोपऱ्यात काही लुकलुकलं की नजर आपोआप तिकडे वळते. याच गुणावर आधारलेलं एक उपकरण अमेरिकेत दुचाकीच्या हेडलाइटला बसवायला परवानगी आहे. त्याचे नियम मात्र काटेकोर आहेत. दिवा मिनिटाला २०० ते २८० वेळा कमी-जास्त व्हायला हवा, तो पूर्ण विझता कामा नये आणि अंधार पडला की लुकलुकणं आपोआप थांबलं पाहिजे.

दिवसा याचा उपयोग होऊ शकतो. १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मिशिगन विद्यापीठाच्या अभ्यासात लुकलुकणारा हेडलाइट असलेल्या दुचाकीसमोर मोटारी घुसवण्याचं प्रमाण कमी झालेलं दिसलं. पण साधा, स्थिर पेटलेला हेडलाइट आणि चमकदार रंगाचे कपडे यांचाही फायदा दिसला होता.

रात्री गणित उलटतं. अंधारात वाहनाचा आकार दिसत नाही, फक्त प्रकाशाचा ठिपका दिसतो. तो ठिपकाही लुकलुकत असेल तर तो किती लांब आहे, किती वेगाने येतोय, हे ठरवणं अवघड होतं. शिवाय झगझगाटाने समोरच्याचे डोळे दिपतात आणि त्याला रस्ता ओलांडणारा पादचारी दिसत नाही. लाल-निळा झगमगाट तर पोलीस आणि रुग्णवाहिकांची ओळख आहे. तोच सगळीकडे दिसू लागला तर रुग्णवाहिकेला वाट कोण देणार?

अपस्माराच्या (फिट येण्याच्या) शंभरातल्या सुमारे तीन रुग्णांना लुकलुकणाऱ्या प्रकाशाने झटका येऊ शकतो. सेकंदाला साधारण १५ ते २० वेळा लुकलुकणारा प्रकाश त्यांना सर्वांत घातक असतो. जपानमध्ये डिसेंबर १९९७ मध्ये ‘पोकेमॉन’ मालिकेतल्या अशाच वेगवान लाल-निळ्या दृश्यानंतर शेकडो मुलांना रुग्णालयात न्यावं लागलं होतं. रस्त्यावर हा धोका कमी असला तरी वेग न तपासलेला स्वस्त दिवा लावताना तो लक्षात ठेवायला हवा.

वेगळेपण महत्त्वाचं

१ एप्रिल २०१७ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिनसोबतच पेटतो. सुरुवातीला समोरून येणारे लोक मूठ उघडझाप करून ‘लाइट चालू आहे’ अशी खूण करायचे! तो दिवा रस्ता दिसण्यासाठी नाही, इतरांना दुचाकी दिसण्यासाठी आहे. मात्र सगळ्यांनीच दिवे लावले तर त्याचा प्रभाव ओसरतो. युरोपात २०११ पासून नव्या मोटारींना दिवसाचे दिवे सक्तीचे झाले. मोटारींचे दिवे पेटलेले असताना दुचाकी ओळखणं अवघड जातं, असं फ्रान्समधल्या प्रयोगांत आढळलं. भारतात नोंदलेल्या वाहनांपैकी सुमारे तीन चतुर्थांश दुचाकी आहेत. त्या सगळ्याच लुकलुकू लागल्या तर एकही वेगळी दिसणार नाही.

मग करायचं काय? न्यूझीलंडमधल्या ऑकलंड परिसरातला २००४ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास इथे उपयोगी आहे. चमकदार किंवा प्रकाश परतवणारे कपडे घालणाऱ्या दुचाकीस्वारांमध्ये गंभीर अपघाताचा धोका ३७ टक्क्यांनी कमी होता. दिवसा हेडलाइट लावणाऱ्यांमध्ये तो २७ टक्क्यांनी, तर काळ्याऐवजी पांढरं हेल्मेट घालणाऱ्यांमध्ये २४ टक्क्यांनी कमी होता.

पोपटी किंवा भगवा चमकदार रंग दिवसा उठून दिसतो. रात्री मात्र प्रकाश परतवणारी पट्टीच लागते, कारण ती मागच्या मोटारीचा उजेड थेट तिच्या चालकाकडे पाठवते. ही पट्टी हेल्मेटच्या मागे आणि सॅकवर लावावी. जॅकेटवरची पट्टी सॅकखाली झाकली जाते. पावसाळ्यात आपल्याकडे काळा किंवा गडद निळा रेनकोट सर्रास वापरला जातो. ढगाळ संध्याकाळी तो स्वाराला जवळजवळ अदृश्य करतो. त्याऐवजी पिवळा घ्यावा, निदान पाठीवर पट्टी चिकटवावी. मागच्या दिव्यावरचा चिखल रोज पुसावा. घाटात किंवा पावसात चारही इंडिकेटर लावून गाडी चालवू नये. तसं केल्यास तुम्ही कुठे वळणार, हे मागच्याला कळत नाही. ट्रकच्या आरशात चालकाचा चेहरा दिसत नसेल तर त्यालाही तुम्ही दिसत नाही, असं समजून पुढे किंवा मागे व्हावं.

मोटारचालकांसाठीही एक सवय आहे. वळण्यापूर्वी दोनदा बघा, दुसऱ्यांदा जरा थांबून. खांबाआडचं दिसावं म्हणून थोडं पुढे वाकून बघा आणि मुद्दाम दुचाकीच शोधा. जे शोधतो, ते डोळ्याला लवकर सापडतं. यासाठी दोन सेकंद पुरतात. आणि एवढं करूनही टक्कर झालीच, तर दुचाकीस्वाराचा मेंदू वाचवण्याचं काम कुठलाही दिवा करू शकत नाही. ते पट्टा नीट बांधलेलं हेल्मेटच करतं.