सोसायटीत सोलर हवं? आधी लाइट बिल दाखवा

बिल वाचवायचं म्हणून काही सोसायट्या दुपारी लिफ्ट बंद ठेवतात. हाल होतात ते वरच्या मजल्यावरच्या बुजुर्गांचे. पण कमिटीला नुसतं "सोलर बसवा" म्हटलं की उत्तर ठरलेलं: पैसे कुठून आणायचे? म्हणून लिफ्ट-पंपाच्या कॉमन मीटरची वर्षभराची बिलं आणि दोन-तीन कोटेशन घेऊनच जा. पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामायिक वापरासाठी किलोवॅटमागे १८,००० रुपये अनुदान आहे, हेही सांगा. गच्ची गळेल ही भीती हसण्यावारी नेऊ नका, ती खरी असते. ठेकेदाराकडून लेखी हमी घ्या. तरीही कमिटी विषयच घेईना, तर एक पंचमांश सभासदांच्या सह्यांनी विशेष सर्वसाधारण सभा मागता येते. ती महिन्याभरात बोलवावीच लागते. सह्या मात्र सभासदांच्याच हव्यात, भाडेकरूंच्या चालत नाहीत.