शौर्यपदकाची मागणी आणि तिचे कागद

पनवेल तालुक्यांतील कळंबोली हें नांव जुन्या कागदांच्या शोधकांस फारसें परिचयाचें नाहीं. आज तेथें सिडकोनें वसविलेली वसाहत व लोखंडपोलादाचा मोठा बाजार आहे, आणि मुंबई-पुणें द्रुतगति मार्ग तेथूनच सुरू होतो. परंतु या नव्या वस्तींत दक्षिण रायगडांतील, म्हणजे जुन्या कुलाबा जिल्ह्यांतील, कित्येक घराणीं येऊन राहिलीं आहेत व त्यांच्याबरोबर त्यांच्या पेट्याही आल्या आहेत. अशाच एका पेटीमुळें प्रस्तुत टिपण लिहिण्याचा प्रसंग आला.

पेटी माणगांव तालुक्यांतून आलेल्या एका कुटुंबाची आहे. त्या घरांतील आजोबा दुसऱ्या महायुद्धांत पांचव्या मराठा लाइट इन्फंट्रींत शिपाई होते. पेटींत त्यांचा डिस्चार्जचा दाखला, चार पदकें व इंग्रजींत छापलेला एक कागद निघाला. एका पदकाच्या फितीवर कांशाचें लहानसें पान बसविलेलें आहे. घरांत चालत आलेली समजूत अशी कीं, हें पान म्हणजे मोठ्या क्रॉसची खूण. क्रॉस मंजूर झाला होता, पण तो कोणीं तरी मध्येंच दडपला. नातवांनीं त्यावरून सरकारकडे पाठविण्यासाठीं अर्जाचा मसुदाही तयार केला होता व आजोबांस मरणोत्तर परमवीर चक्र मिळावें अशी मागणी त्यांत होती. अर्ज धाडण्यापूर्वीं कागद पाहून सांगा, असें त्यांनीं मला म्हटलें.

पानाचा उलगडा सोपा आहे. युद्धपदकाच्या फितीवरील ओक वृक्षाचें कांस्यपर्ण हें सेनापतीच्या युद्धवृत्तांत नांवाचा उल्लेख झाल्याचें चिन्ह होय, आणि तो छापील कागद त्याच उल्लेखाचें प्रमाणपत्र आहे. अमुक शिपायाचें नांव लंडन गॅझेटमध्यें अमुक तारखेस प्रसिद्ध झालें, असा त्याचा आशय असतो. हा मान खरा, पण क्रॉसचा नव्हे. एवढें सांगून माझें काम संपलें असतें, परंतु घरांतील वृद्ध बाईंनीं विचारलें, "मग क्रॉस कुणाला देतात, आणि ठरवतं कोण?" या प्रश्नाचें उत्तर एका वाक्यांत देतां येण्याजोगें नाहीं. शिवाय असे कागद आतां आपल्या संग्राहकांच्या हातीं वारंवार येऊं लागले आहेत, म्हणून तें थोडें विस्तारानें देतों.

पराक्रमाबद्दल मान मागण्याची रीत आपल्याकडे नवी नाहीं. पेशवे दफ्तर चाळणारांस पडलेल्या शिपायांच्या मुलांस दिलेली बालपरवेशी, जखमींस दिलेली नेमणूक, सोन्याचीं कडीं व शिरपाव यांच्या नोंदी परिचित आहेत. तो मान धन्याच्या मर्जीचा असे. कंपनी सरकारनें इ. स. १८३७ मध्यें हिंदी शिपायांसाठीं ऑर्डर ऑफ मेरिट स्थापन केली, तेव्हां या प्रकारास नियमांचें रूप आलें. तिचे तीन वर्ग होते. पहिल्या पराक्रमास तिसरा वर्ग, पुन्हा पराक्रम केल्यास दुसरा, व त्यानंतर पहिला. वर्गाप्रमाणें पगारांत एक तृतीयांश, दोन तृतीयांश, व शेवटीं दुप्पट अशी वाढ मिळे. इ. स. १८५६ मध्यें व्हिक्टोरिया क्रॉस निघाला, पण तो हिंदी शिपायांस बंद होता. एकाच खंदकांत शेजारीं लढणाऱ्या गोऱ्या शिपायास तो मिळूं शके, काळ्यास नाहीं. ही स्थिति इ. स. १९११ पर्यंत, म्हणजे तब्बल ५५ वर्षें टिकली. त्या सालच्या दिल्ली दरबारांत क्रॉस हिंदी सैन्यास खुला झाल्याचें जाहीर झालें, आणि इ. स. १९१४ मध्यें खुदादाद खान हा त्याचा पहिला हिंदी मानकरी ठरला.

येथें कोंकणापुरती एक गोष्ट नमूद केल्यावांचून पुढें जातां येत नाहीं. कोरेगांवच्या जयस्तंभावर ज्यांचीं 'नाक' प्रत्ययाचीं नांवें कोरलेलीं आहेत त्या महार शिपायांच्या वंशजांस, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, पलटणींत भरती होण्याचीच मनाई झाली. महाडजवळील रावढळचे निवृत्त लष्करी गोपाळबाबा वलंगकर यांनीं इ. स. १८९४ मध्यें त्याविरुद्ध अर्ज तयार केला. शिवराम जानबा कांबळे यांनीं इ. स. १९१० मध्यें भारतमंत्र्यांस पुन्हा अर्ज केला. म्हणजे सर्वांत मोठा सन्मान हिंदी शिपायास खुला झाला, त्याच्या आदल्याच वर्षीं हे लोक केवळ शिपाई होण्याचा हक्क मागत होते. पहिल्या महायुद्धाच्या काळांत त्यांची पलटण उभी राहिली व लवकरच मोडली. महार रेजिमेंट उभी राहण्यास इ. स. १९४१ उजाडलें. सन्मानाच्या याद्या वाचतांना त्यांत कोण नाहीं हेंही पाहावें लागतें, तें अशासाठीं.

मराठा पलटणींची हकीकत निराळी आहे. पहिल्या महायुद्धांत मेसोपोटेमियाच्या मोहिमेंत व कुत-अल-अमाराच्या वेढ्यांत या पलटणींनीं अपार हाल सोसले. ११७ व्या पलटणीस तेथील कामगिरीबद्दल 'रॉयल' हा किताब मिळाला. तथापि व्हिक्टोरिया क्रॉस त्या युद्धांत एकाही मराठा शिपायास मिळाला नाहीं. तो मिळाला दुसऱ्या महायुद्धांत, इटलींत, व तोही दोघांस.

पहिले नाईक यशवंत घाडगे. हे माणगांव तालुक्यांतील पळसगांव-आमडोशीचे, तिसऱ्या बटालियनचे. ता. १० जुलै १९४४ रोजीं वरच्या टायबर नदीच्या खोऱ्यांत त्यांच्या तुकडीवर जवळून मशीनगनचा मारा झाला व त्यांच्याखेरीज तुकडींतील सर्व जण ठार किंवा जखमी झाले. घाडगे एकटेच धावून गेले. हातबॉम्ब फेकून त्यांनीं तोफ व तोफची निकामी केला, दुसऱ्यास टॉमीगननें मारलें, आणि गोळ्या बदलण्यास वेळ न उरल्यामुळें बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांस दस्त्यानें ठार केलें. इतक्यांत शत्रूच्या नेमबाजांच्या गोळ्या छातींत व पाठींत लागून ते त्या मोर्चांतच पडले. त्यांचें वय अवघें २२ वर्षांचें होतें. त्यांची समाधि ज्ञात नसल्यामुळें नांव कॅसिनो येथील स्मारकावर कोरलेलें आहे. क्रॉस त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनीं स्वीकारला. माणगांवास त्यांचा पुतळा आहे, आणि इ. स. २०२३ मध्यें इटलींतील मोंतोने या गांवींही त्यांच्या नांवाचें सूर्यघटिकेचें स्मारक उभारण्यांत आलें.

दुसरे नामदेव जाधव, अहमदनगर जिल्ह्यांतील निमजचे, पहिल्या बटालियनचे. ता. ९ एप्रिल १९४५ रोजीं सेनियो नदीवर त्यांनीं गोळ्यांच्या वर्षावांत दोन जखमी सोबत्यांस खोल पाण्यांतून, उभ्या बांधावरून व सुरुंगांच्या पट्ट्यांतून मागें आणलें, आणि मग एकट्यानें शत्रूचे तीन मशीनगनचे मोर्चे बंद पाडले. हात जखमी असतांही ते बांधावर चढून शिवाजी महाराजांच्या नांवाचा जयघोष करीत इतरांस बोलावीत राहिले. ते इ. स. १९८४ पर्यंत हयात होते.

आतां ठरवितें कोण, हा मुख्य प्रश्न. मोठ्या क्रॉससाठीं पलटणीच्या अधिकाऱ्यानें शिफारस लिहावी लागे व तिला सामान्यतः तीन प्रत्यक्षदर्शी साक्षीदारांचीं निवेदनें जोडावीं लागत. तो कागद ब्रिगेड, डिव्हिजन, कोर, आर्मी असा पायरीपायरीनें वर जाई, आणि प्रत्येक पायरीवर वरिष्ठ आपला शेरा मारी. मान कमी करण्याचा, म्हणजे मोठ्याच्या जागीं धाकटें पदक देण्याचा अधिकारही त्यांस असे. घाडग्यांचा कागद हा सर्व मार्ग चालून ता. २ नोव्हेंबर १९४४ च्या गॅझेटांत पोहोंचला, म्हणजे चार महिन्यांच्या आंत. परंतु जेथें अधिकारीच पडला, किंवा पाहणारे सर्वच पडले, तेथें पराक्रम कितीही मोठा असो, कागद जन्मासच येत नाहीं. शिपायाची हकीकत तो स्वतः लिहीत नाहीं. परक्या भाषेंत दुसरा लिहितो. माझ्या मतें 'दडपला' या कौटुंबिक समजुतींचें मूळ बहुधा येथें असतें. दडपण्यासारखें कांहीं लिहिलेंच गेलेलें नसतें.

परमवीर चक्राची मागणी तर कालमर्यादेनेंच निकालांत निघते. हें पदक ता. २६ जानेवारी १९५० रोजीं स्थापन झालें व त्याचा अंमल ता. १५ ऑगस्ट १९४७ पासून धरला. इटलींतील पराक्रम त्या तारखेपूर्वींचा. उलट, ज्या पराक्रमाच्या वेळीं पदक अस्तित्वांत नव्हतें त्यासही तें मागाहून मिळालेलें आहे. कारवारकडील चेंडियाचे रामा राघोबा राणे यांनीं एप्रिल १९४८ मध्यें नौशेरा-राजौरी मार्गावर रणगाड्यांना वाट करून दिली. त्यांचें परमवीर चक्र १९५० सालचें. याच राण्यांचा ब्रह्मदेशच्या लढाईंत युद्धवृत्तांत उल्लेख झाला होता, म्हणजे त्यांच्या छातीवरही तेंच कांस्यपर्ण होतें! हें सांगतांच कळंबोलीच्या त्या बाईंचा चेहरा थोडा उजळला.

ब्रिटिश सरकारचें दारही बंद आहे. महायुद्ध संपल्यावर कांहीं वर्षांतच त्या युद्धासाठीं नवीन शौर्यपदकें द्यावयाचीं नाहींत असा निर्णय झाला व तो आजवर कसोशीनें पाळला जातो. न्यूझीलंडच्या माओरी बटालियनचे सार्जंट हाने मानाही यांची ट्युनिशियांतील १९४३ च्या लढाईबद्दल व्हिक्टोरिया क्रॉससाठीं शिफारस झाली होती, पण धाकटें पदक देण्यांत आलें. त्यांच्या लोकांनीं वर्षानुवर्षें चळवळ केली. इ. स. २००७ मध्यें राणीकडून वेदीवस्त्र, तलवार व पत्र आलें. क्रॉस आला नाहीं. ऑस्ट्रेलियाचा खलाशी टेडी शीन याला मात्र इ. स. २०२० मध्यें, मृत्यूनंतर ७८ वर्षांनीं, क्रॉस मिळाला, कारण त्या देशानें स्वतःचा व्हिक्टोरिया क्रॉस वेगळा स्थापिला आहे.

आपल्याकडे उशिरां न्याय मिळाल्याचें उदाहरण स्क्वाड्रन लीडर देवय्या यांचें. ता. ७ सप्टेंबर १९६५ रोजीं सरगोध्यावरील हल्ल्यांत ते परतले नाहींत. त्यांनीं आपल्या जुन्या मिस्टेअर विमानानें शत्रूचें स्टारफायटर पाडलें होतें, हें फ्रिकर या इंग्रज लेखकाच्या १९७९ च्या ग्रंथामुळें उजेडांत आलें, आणि इ. स. १९८८ मध्यें त्यांस मरणोत्तर महावीर चक्र देण्यांत आलें. ध्यानांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, येथें पारडें फिरविलें तें अर्जांच्या संख्येनें नव्हे, तर विरुद्ध पक्षाच्या दप्तरांतून निघालेल्या साक्षीनें.

म्हणून ज्यांच्याकडे असे संग्रह येतील त्यांनीं अर्जापेक्षां कागदाकडे आधीं वळावें. लंडनजवळ क्यू येथील राष्ट्रीय दप्तरखान्यांत दुसऱ्या महायुद्धांतील शिफारशींचे मूळ कागद डब्ल्यू. ओ. ३७३ या मालेंत आहेत व त्यांत हिंदी सैन्याचेही आहेत. शोधतांना नांवाच्या इंग्रजी लेखनावर भिस्त ठेवूं नये. जाधव हें नांवही तेथें निराळ्या अक्षरांनीं लिहिलेलें सांपडतें, आणि मराठा शब्दाचें जुनें स्पेलिंग तर सर्वस्वीं वेगळें. पलटणीचा क्रमांक हाच खरा आधार. हिंदी शिपायांच्या पदकांच्या कडेवर तो बहुधा ठसविलेला असतो. कडा घासून चकचकीत करण्याचा मोह आवरावा. पलटणींचीं नांवेंही बदललीं आहेत. घाडग्यांची तिसरी बटालियन म्हणजे पूर्वींची ११० वी, व पुढें ती पॅराशूट रेजिमेंटची दुसरी बटालियन झाली. त्यामुळें केवळ बेळगांवच्या मराठा केंद्राकडे विचारून चालत नाहीं.

कळंबोलीच्या कुटुंबानें अर्ज पाठविण्याचें तूर्त स्थगित केलें आहे. दाखल्यावरील क्रमांक व प्रमाणपत्रावरील गॅझेटची तारीख मीं उतरून घेतली असून त्यावरून शिफारशीच्या कागदाचा शोध चालू आहे. पदकांचीं व कागदांचीं छायाचित्रें घेतलीं; पेटी मात्र त्यांच्याच घरीं आहे. कांस्यपर्ण फितीवर उलटें बसविलेलें होतें, तें बाईंनीं माझ्यासमोरच सुईदोऱ्यानें सरळ करून घेतलें.